बालवाडीतला पहिला पावसाळा

महाराष्ट्रात बालवाडी आणि पावसाळा जवळजवळ एकाच आठवड्यात सुरू होतात. जूनच्या मध्यावर नवा रेनकोट येतो, नवा डबा येतो, नावाची चिठ्ठी डकवलेली पाण्याची बाटली येते. पहिले काही दिवस रडारड होते. मूल जरा रुळलं म्हणेपर्यंत त्याचं नाक वाहू लागतं. ते थांबतं न थांबतं तोच खोकला, खोकला जातोय तोवर तापाची कणकण. मग घरात एकच विषय. ‘‘आधी वर्षभरात दोनदासुद्धा आजारी पडली नव्हती गं ही. हिची प्रतिकारशक्तीच कमी आहे का?’’ आजी खारीक-बदाम उगाळून द्यायला सांगते, शेजारच्या काकू कुठल्याशा सिरपचं नाव सुचवतात आणि बाबा रात्री मोबाईलवर ‘इम्युनिटी’ शोधत बसतात.

त्या काळजीपोटी केलेल्या शोधात सहसा हाती न लागणारी गोष्ट इथे सांगायची आहे. तीन वर्षांच्या मुलाची प्रतिकारयंत्रणा या दिवसांत ज्या झपाट्याने काम करत असते, तो झपाटा त्याच्या पुढच्या आयुष्यात पुन्हा फारसा दिसत नाही. नाक गळतं ते बहुतेक वेळा त्या कामाचंच लक्षण असतं.

आधी साधा हिशेब मांडू. या वयाच्या धडधाकट मुलाला वर्षातून सहा ते आठ वेळा सर्दी होणं, हे जगभरचे बालरोगतज्ज्ञ नेहमीचं मानतात. बालवाडीच्या पहिल्या वर्षी हा आकडा आणखी वर जातो. एक सर्दी आठ-दहा दिवस टिकते, खोकला त्याहून रेंगाळतो. म्हणजे आठ सर्द्यांचे झाले ऐंशी दिवस आणि त्यातले बरेचसे पावसाळ्यात आणि थंडीत येणार. त्यामुळे जुलैपासून ‘हिचं नाक कधी कोरडं दिसलंच नाही’ असं वाटलं, तर ते हिशेबाला धरूनच आहे. सर्दी देणाऱ्या विषाणूंमधलं सगळ्यांत मोठं कुटुंब ऱ्हायनोव्हायरसचं. त्याचे दीडशेहून जास्त प्रकार माहीत आहेत आणि एका प्रकाराशी झालेली ओळख दुसऱ्या प्रकाराच्या वेळी फारशी कामाला येत नाही. आतापर्यंत घरातल्या चार-पाच माणसांत वावरलेलं मूल अचानक वीस-पंचवीस मुलांच्या घोळक्यात बसतं, तेव्हा त्याची यातल्या कितीतरी विषाणूंशी पहिलीच गाठ पडत असते.

जन्माच्या वेळी मात्र ते अगदीच असहाय नव्हतं. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत आईच्या रक्तातली प्रतिपिंडं, म्हणजे अँटीबॉडी, वारेतून बाळाकडे पाठवली जातात. पूर्ण दिवसांच्या बाळाच्या रक्तात त्यांचं प्रमाण कधी कधी आईपेक्षाही जास्त असतं. आईला लहानपणी झालेले आजार, तिने घेतलेल्या लशी, या सगळ्याचं संरक्षण बाळाला आयतं मिळतं. पण ही प्रतिपिंडं दर तीन-चार आठवड्यांनी निम्मी होत जातात आणि सहा महिन्यांनंतर त्यातलं फारच थोडं उरतं. आईच्या दुधातली वेगळ्या जातीची प्रतिपिंडं घशाला आणि आतड्याला राखत असतात, तीही दूध सुटलं की थांबतात. बालवाडीच्या दारात उभं राहिलेलं मूल या बाबतीत पहिल्यांदाच स्वतःच्या पायांवर उभं असतं.

त्याच्याजवळ स्वतःचं असं काय असतं, हा प्रश्न मोठा मजेशीर आहे. उद्या येणारा विषाणू कोणता, त्याचा आकार कसा, हे शरीराला आधी कळायला काहीच मार्ग नाही. कदाचित तो विषाणू आज पृथ्वीवर अस्तित्वातसुद्धा नसेल. तरीही त्याला नेमकं पकडणारं प्रतिपिंड शरीराकडे तयार असायला हवं. माणसाच्या पेशीत प्रथिनं बनवणारी जनुकं आहेत सुमारे २०,०००. मग लाखो-कोटी प्रकारची प्रतिपिंडं येतात कुठून? या कोड्याने शास्त्रज्ञांना कित्येक वर्षं झुलवलं. १९७६ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझल इथे सुसुमु तोनेगावा या जपानी शास्त्रज्ञाने उंदराच्या भ्रूणातला डीएनए आणि प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशीतला डीएनए शेजारी ठेवून तपासले. भ्रूणात एकमेकांपासून लांब असलेले तुकडे त्या पेशीत जवळ आलेले होते. पेशीने स्वतःचा डीएनए कापून पुन्हा जोडला होता! प्रत्येक पेशीतला डीएनए जन्मभर जसाच्या तसा राहतो, या ठाम समजुतीला हा मोठा धक्का होता. तोनेगावांना १९८७ चं नोबेल मिळालं.

आपल्या मुलाच्या हाडांच्या मगजात हेच चाललेलं असतं. प्रतिपिंडाच्या मोठ्या भागासाठी एका गटातले सुमारे ४० तुकडे, दुसऱ्या गटातले २३ आणि तिसऱ्यातले ६ असा साठा असतो. प्रत्येक नवी पेशी प्रत्येक गटातून एकेक तुकडा उचलते, मधलं कापून टाकते आणि उरलेलं शिवते. त्याच त्या चिंध्यांतून आजीने प्रत्येक नातवंडासाठी निराळी गोधडी शिवावी, तसं हे काम आहे. ४० गुणिले २३ गुणिले ६ म्हणजे ५,५२० प्रकार झाले. प्रतिपिंडाच्या छोट्या भागाचे असेच सुमारे ३२० प्रकार होतात. दोन्हींचा गुणाकार केला की आकडा पावणेअठरा लाखांच्या आसपास जातो. शिवणीच्या जागी पेशी आणखी काही अक्षरं वाटेल तशी भरते किंवा गाळते, त्यामुळे खरी विविधता याच्या कैकपट वाढते. मूल अंगणात मातीत खेळत असतं, झोपलेलं असतं, हट्टाने लोळण घेत असतं आणि त्याच्या हाडांत कधी न पाहिलेल्या शत्रूंसाठी ही तयारी अखंड चालू असते.

वाटेल तशी शिवण घातली, की घोटाळेही होणारच. काही पेशी निरुपयोगी निघतात. काही अशा निघतात, की त्या स्वतःच्याच शरीरावर उठतील. प्रतिकारयंत्रणेतल्या टी पेशी हीसुद्धा अशीच शिवण घालणारी दुसरी जात आणि त्यांच्यातल्या अशा पेशी वेचून काढण्याची जागा छातीच्या मधल्या हाडामागे, हृदयाच्या वरच्या अंगाला आहे. तिचं नाव थायमस. शरीराच्या मानाने पाहिली तर ही ग्रंथी लहानपणीच सगळ्यांत मोठी असते. तान्ह्या बाळाच्या छातीच्या एक्स-रेत तिची सावली शिडासारखी पसरलेली दिसते. वयात आल्यावर ती आक्रसत जाते आणि म्हातारपणी तिच्या जागी बहुतेक चरबीच उरते.

या ग्रंथीचं काम काय, हे १९६१ पर्यंत कुणाला नीट ठाऊक नव्हतं. त्या वर्षी लंडनमध्ये जॅक मिलर या तरुण संशोधकाने नुकत्याच जन्मलेल्या उंदरांची थायमस काढून टाकली. उंदीर काही आठवडे ठीक वाढले, मग खंगत गेले आणि साध्या संसर्गांनी मेले. परक्या उंदराची कातडी त्यांच्यावर लावली तर ती तशीच रुजली, कारण परकं ओळखायला कुणी उरलंच नव्हतं. पुढे जपानमध्ये हीच शस्त्रक्रिया जन्मानंतर तिसऱ्या दिवशी केली गेली आणि अगदी उलटा परिणाम दिसला. या उंदरांची प्रतिकारयंत्रणा पिसाळून स्वतःच्याच अवयवांवर तुटून पडली. एवढ्याशा फरकाने असं का व्हावं, या प्रश्नाचा पिच्छा शिमोन साकागुची यांनी वर्षानुवर्षं पुरवला. त्यातून प्रतिकारयंत्रणेला आवर घालणाऱ्या पेशी सापडल्या. त्यांनाही थायमसच तयार करून पाठवते, फक्त त्या जरा उशिरा बाहेर पडतात. २०२५ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल साकागुचींना मेरी ब्रंकॉ आणि फ्रेड रॅम्सडेल यांच्यासह याच कामासाठी मिळालं.

थायमसमध्ये शिरणाऱ्या दर शंभर पेशींपैकी पंचाण्णवहून अधिक तिथेच मरतात. पेशींना पारखण्यासाठी ही ग्रंथी जे करते ते वाचून मी थक्क झाले होते. इन्सुलिन स्वादुपिंडात बनतं, हे आपण शाळेत शिकतो. पण थायमसच्या काही पेशी थोडं इन्सुलिन स्वतः बनवतात. त्याचा रक्तातल्या साखरेशी काही संबंध नसतो. ‘हे आपलंच आहे, याला हात लावायचा नाही,’ हे नव्या पेशींना दाखवण्यापुरता तो नमुना असतो. यकृत, डोळा, थायरॉईड अशा कितीतरी अवयवांचे नमुने त्या एवढ्याशा ग्रंथीत मांडलेले असतात. त्या नमुन्यांवर जी पेशी धावून जाते, तिला बहुतेक वेळा तिथेच संपवलं जातं.

म्हणूनच ‘इम्युनिटी बूस्टर’ हा शब्द मला खटकतो. नुसता जोर वाढवायचा म्हटलं, तर दमा, ॲलर्जी आणि स्वतःवरच उलटणारे आजारसुद्धा त्या जोराचेच प्रकार आहेत. मुलाच्या शरीराला जोर आणि आवर दोन्ही लागतात आणि त्यांचा तोल ते स्वतः सांभाळत असतं. बाटलीवरचं लेबल काहीही म्हणो, तो तोल बाहेरून चमचाभर सिरपने साधत नाही.

याच थायमसची एक दुःखद गोष्ट आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पाश्चात्त्य डॉक्टरांना अचानक दगावलेल्या बाळांच्या छातीत थायमस ‘फार मोठी’ दिसायची. तिनेच श्वास कोंडला असणार, असं समजून हजारो निरोगी बाळांच्या छातीवर क्ष-किरण सोडले गेले. त्यातल्या अनेकांना पुढे थायरॉईडचा कर्करोग झाला. खरं तर ती ग्रंथी मोठी नव्हतीच. ‘नेहमीची’ थायमस केवढी, हे ज्या मृतदेहांवरून ठरवलं होतं ती होती दीर्घ आजाराने आणि उपासमारीने खंगलेली गरीब माणसं. कुपोषणात थायमस झपाट्याने आक्रसते, हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

कुपोषणाची ही गोष्ट आपल्या फार जवळची आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत भारतातल्या सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या दर १०० मुलांपैकी ६७ मुलांच्या अंगात रक्त कमी आढळलं. यात खात्यापित्या घरांतली मुलंही आहेत. कारणं पाहायची तर मुलांच्या ताटाकडे आणि कपाकडे पाहा. सकाळी चहात बुडवलेलं बिस्कीट हा आपल्याकडे लहान मुलांचा सर्रास नाश्ता आहे. चहातले घटक अन्नातलं लोह धरून ठेवतात आणि ते अंगी लागू देत नाहीत, तर बिस्किटाने भूक मारली जाते. बालवाडीच्या वयाच्या मुलाचा चहा बंद करणं, हे कुठल्याही टॉनिकपेक्षा मोठं काम आहे. त्याऐवजी मुगाचं वरण-भात, अंडं, बाजरीची मऊ भाकरी दुधात कुस्करून, हळिवाची खीर, वरणात शेवग्याचा पाला, त्यावर लिंबू पिळून, असं आपलंच अन्न पुरेसं आहे. लिंबातल्या क जीवनसत्त्वाने धान्य-भाजीतलं लोह चांगलं शोषलं जातं. आजीच्या खारीक-बदामाला माझा विरोध नाही, फक्त ते जेवणाऐवजी नको. अंगणवाडीत किंवा उपकेंद्रात मिळणारी लोहाची पातळ मात्रा, दर सहा महिन्यांनी पाच वर्षांपर्यंतचा जीवनसत्त्व ‘अ’चा डोस आणि जंतनाशक दिनाची गोळी या तिन्ही गोष्टी चुकवू नका. जंत मुलाचं रक्तही खातात आणि भूकही. झोपेचंही तसंच आहे. या वयाला दुपारची डुलकी धरून दहा ते तेरा तास झोप लागते. रात्री साडेदहापर्यंत टीव्हीसमोर जागणाऱ्या घरात मुलाला ती मिळत नाही.

आता एक सर्दी जवळून पाहू. शेजारच्या मुलाने शिंकताना तोंडावर धरलेला हात खेळण्याला लागला, तो विषाणू आपल्या मुलाच्या बोटावर आणि तिथून नाकात आला. नाकाच्या आतल्या पेशींवर बारीक केसांची लव असते. ती सेकंदाला दहा-पंधरा वेळा हलते आणि शेंबडाचा पातळ थर सतत घशाकडे ढकलत नेते. तो गिळला जातो आणि पोटातलं आम्ल पुढचं काम करतं. यातून निसटलेला विषाणू पेशीत शिरतो. एक-दोन दिवसांत नाक गळू लागतं, मग शेंबूड घट्ट आणि हिरवट होतो. तो हिरवा रंग पाहून कितीतरी घरांत अँटिबायोटिकची उरलेली बाटली काढली जाते. पण हा रंग आपल्याच पांढऱ्या पेशींचा आहे. जंतू मारण्यासाठी त्या जे विकर वापरतात, ते लोहामुळे मुळातच हिरवं असतं. साध्या विषाणूच्या सर्दीतही शेंबूड हिरवा होतो आणि विषाणूवर अँटिबायोटिक काहीच करत नाही.

दरम्यान काही पेशी विषाणूचे तुकडे घेऊन मानेतल्या गाठींकडे गेलेल्या असतात. पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येतं, त्याच जातीच्या या गाठी. मुलाच्या जबड्याखाली बोट फिरवलं तर वाटाण्याएवढ्या, सरकणाऱ्या दोन-तीन गाठी हाताला लागतात आणि आई घाबरते. त्या गाठींत या वेळी जे चालू असतं, ते मला सगळ्यांत मोठं नवल वाटतं. हाडांच्या मगजात ज्या लाखो प्रकारच्या पेशी बनल्या होत्या, त्यांतली विषाणूला थोडीफार धरू शकणारी एखादी पेशी इथे सापडते. ती वेगाने वाढू लागते आणि वाढताना आपल्या प्रतिपिंडाच्या जनुकात मुद्दाम चुका करते. हा चुकांचा वेग इतर पेशींच्या मानाने सुमारे दहा लाखपट असतो. ज्या चुकीने पकड घट्ट झाली ती पेशी टिकते, बाकीच्या मरतात. पुन्हा चुका, पुन्हा निवड. सजीवांच्या उत्क्रांतीला जे साधायला युगं लागतात, ते त्या वाटाण्याएवढ्या गाठीत काही आठवड्यांत घडतं. यातून निपजलेल्या काही पेशी वर्षानुवर्षं आठवण धरून राहतात. तोच विषाणू पुन्हा आला तर मुलाला कळायच्या आधीच त्याचा बंदोबस्त होतो. न झालेली सर्दी आपल्याला दिसत नाही, म्हणून या यशाची घरात कुणी नोंद घेत नाही.

अमेरिकेतल्या ॲरिझोनात, टूसॉन इथे, जवळपास हजार मुलांकडे जन्मापासून तेराव्या वर्षापर्यंत लक्ष ठेवलं गेलं. मोठ्या पाळणाघरात गेलेल्या मुलांना दुसऱ्या वर्षी घरी राहिलेल्या मुलांपेक्षा जास्त सर्द्या झाल्या. पण सहा ते अकरा या वयात हीच मुलं कमी वेळा आजारी पडली. तेराव्या वर्षापर्यंत दोन्ही गट सारखे झाले होते. म्हणजे या सर्द्या आज नाही तर उद्या व्हायच्याच असतात. बालवाडीत त्या आधी उरकतात, एवढंच.

म्हणून ‘होऊ दे आजारी, ताकद वाढेल’ हे मात्र सगळ्या आजारांना लावू नका. गोवर याचं भीषण उदाहरण आहे. गोवराचा विषाणू नेमका त्या आठवण धरणाऱ्या पेशींवरच हल्ला करतो. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, लस न घेतलेल्या मुलांच्या अंगात आधी असलेल्या प्रतिपिंडांपैकी ११ ते ७३ टक्के प्रतिपिंडं गोवरानंतर नाहीशी झालेली आढळली. आठ-दहा सर्द्या काढून कमावलेलं सारं त्या एका तापात पुसलं जाऊ शकतं. २०२२ च्या हिवाळ्यात मुंबईत गोवंडी आणि आसपासच्या वस्त्यांत गोवराची साथ आली आणि मुलं दगावली. ज्या लशीने हे टाळता येतं ती आपल्याच पुण्यात बनते आणि सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर असतो, कारण त्याआधी आईकडून आलेली प्रतिपिंडं लशीलाच निष्प्रभ करू शकतात. दुसरा डोस १६ ते २४ महिन्यांत. याच वेळचा त्रिगुणी लशीचा बूस्टरही हमखास विसरला जातो, तेव्हा मूल चालतं-बोलतं झालेलं असतं आणि लसीकरणाचं कार्ड कपाटाच्या तळाशी गेलेलं असतं. प्रवेशाचा फॉर्म भरताना ते कार्ड काढा. फ्लूची लस सरकारी वेळापत्रकात नाही, पण पाच वर्षांखालच्या मुलांना ती दरवर्षी द्यावी, अशी भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेची शिफारस आहे. आपल्याकडे फ्लू पावसाळ्यात उसळतो. लशीचा परिणाम दिसायला दोन आठवडे लागतात आणि पहिल्यांदा घेताना महिन्याच्या अंतराने दोन डोस लागतात, हे धरून एप्रिलमध्येच डॉक्टरांशी बोला.

मातीबद्दलही थोडं. फिनलंडमध्ये काही पाळणाघरांच्या खडी टाकलेल्या अंगणात जंगलातली माती, शेवाळ आणि हिरवळ आणून अंथरली. तीन ते पाच वर्षांची मुलं तिथे रोज खेळली. २८ दिवसांत त्यांच्या त्वचेवरच्या सूक्ष्मजीवांची विविधता वाढली आणि रक्तात, प्रतिकाराला आवर घालणाऱ्या बाजूला झुकणारे बदल दिसले. अभ्यास छोटा होता, ७५ मुलांचा. पण सिमेंटच्या पटांगणातल्या आपल्या बालवाड्यांना दोन वाफे आणि एक मातीचा ढीग परवडण्यासारखा आहे. मुलाला त्यात मनसोक्त लोळू द्या आणि खाण्याआधी हात साबणाने धुवा. या दोन गोष्टींत काही विरोध नाही.

साबणाचं सामर्थ्य तर आपल्या शेजारीच दिसलं आहे. कराचीच्या गरीब वस्त्यांत घरोघरी साबण देऊन हात धुण्याची सवय लावली, तेव्हा पाच वर्षांखालच्या मुलांतला न्यूमोनिया निम्म्यावर आला. हे निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध झाले.

सर्दी म्हणून दुर्लक्ष करू नये असं केव्हा, तेही सांगते. मूल शांत झोपलेलं असताना मिनिटभर श्वास मोजा. एक ते पाच वर्षांच्या मुलात तो मिनिटाला ४० किंवा अधिक असेल, श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, मूल पाणीसुद्धा घेत नसेल, मलूल पडलं असेल, झटके आले असतील, तर ताबडतोब दवाखाना गाठा. ताप तीन दिवसांच्या पुढे गेला, वर्षात दोनदा न्यूमोनिया झाला किंवा वजन वाढेनासं झालं, तर ‘होतं असं’ म्हणून सोडू नका, बालरोगतज्ज्ञांकडून नीट तपासून घ्या. आणि ताप उतरून पूर्ण दिवस होईपर्यंत मुलाला बालवाडीत पाठवू नका. नोकरीतली रजा काढणं किती कठीण असतं हे ठाऊक असूनही हे सांगते आहे.

अंगणवाडीची कल्पना ज्यांनी बोर्डी-कोसबाडच्या आदिवासी पाड्यांत रुजवली, त्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी स्वच्छता हा शिक्षणाचाच भाग मानला होता. पुढच्या जूनसाठी बालवाडी पाहायला जाल, तेव्हा भिंतीवरच्या रंगीत चित्रांच्या आधी हात धुण्याची जागा दाखवायला सांगा. नळ तीन वर्षांच्या मुलाच्या हाताला पोचतो का, त्याला पाणी आहे का, शेजारी साबण आहे का, हे बघा. नसेल तर ताईंना तिथल्या तिथे विचारा.